बगळ्याचं इंग्रजी

माझ्या वन्संना इंग्रजी एका बगळ्याने शिकवलं. वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. हे वाक्य कुणाला सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघतो, कारण लोकांची टर उडवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण यात माझ्या पदरचं काहीच नाही. बगळा होता. चित्रातला होता, पण होता, आणि त्याच्या नादी लागून वन्संना नोकरीवर पाणी सोडायची वेळ आली होती.

वन्सं एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करायच्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाही करायच्या. लाँड्री तळघरात. त्या डबा विसरल्या म्हणून मी एकदा तिथे गेले होते. खिडकी नावाला नाही. छताला चिकटून जाड पाइप गेलेले, एका अंगाला धुण्याची यंत्रं घरघरतायत, मधे चादरी दाबणारा लांबलचक रूळ, आणि पार कोपऱ्यात वन्संचं टेबल. चादरी-टॉवेलांचं यंत्रं बघायची. पाहुण्यांच्या अंगातले कपडे मात्र वन्संच्या हाताखालून जायचे. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग पाठ, आणि शेवटी पुढची बाजू. हा क्रम त्या मोडत नसत, आणि एक शर्ट पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसत. मधेच कोणी काही विचारलं तर “बाही होऊ दे” म्हणायच्या. घरीही तीच तऱ्हा. गॅसवर भाजी करपायला लागली म्हणून मी बोंब मारली तरी हातातल्या रुमालाची घडी चौकोनी झाल्याशिवाय वन्सं उठायच्या नाहीत.

वन्संच्या लग्नाचं म्हणाल तर एकदा जमत आलं होतं. मुलगा शिकलेला, बोलका, घरच्यांना पसंत. तो उठून गेल्यावर वन्संनी आपल्या आईला सांगितलं, “कॉलर बाहेरून पांढरी होती, आतून नव्हती.” तेवढ्यावर नकार. पुढे फारसं कोणी विचारायला आलं नाही आणि त्यांनीही वाट बघितली नाही.

आम्ही दोघी एकमेकींना अहो-जाहो करतो. भांडतानासुद्धा. ह्यांना त्याची फार गंमत वाटते. “तुमच्या भांडणात शिवी आली तरी ती आदरार्थी बहुवचनात येईल,” असं ते म्हणतात. शिवी कधी आली नाही, पण टोमणे भरपूर आले, आणि त्यातले बहुतेक माझेच होते. वन्सं उलटून बोलत नाहीत. त्या इस्त्री काढतात आणि ह्यांचे पायजमे, उशांचे अभ्रे, हाताला लागेल ते चोपून काढतात. कपाट जितकं गुळगुळीत तितकं आमचं वाजलेलं, असं समजावं.

तर एके दिवशी हॉटेलने ठरवलं की लाँड्री बंद. कपडे बाहेरच्या एका कारखान्यात धुवायला पाठवायचे आणि तळघरात पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या. लाँड्रीतल्या ज्यांना पाहुण्यांशी चार वाक्यं इंग्रजीत बोलता येतील त्यांना वरच्या मजल्यांवर खोल्या लावायच्या कामाला घेणार. बाकीच्यांनी घरी बसायचं. परीक्षा तोंडी, आणि ती घेणार मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे सगळ्या मजल्यांच्या कारभारी. त्यांच्या उंच टाचांचा आवाज आला की लाँड्रीतली माणसं आपोआप ताठ व्हायची, असं वन्सं सांगायच्या.

त्या संध्याकाळी वन्संनी जेवता जेवता विचारलं, “घरी बसायचं म्हणजे नक्की काय करायचं असतं, वहिनी?”

मी म्हटलं, “मी करते ते.”

“ते तर तुम्ही करताच,” वन्सं म्हणाल्या.

मला ते लागलं, पण खोटं नव्हतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि आमच्या ओट्यापाशी तर एका तलवारीलाच वळायला जागा नाही. त्यांची नोकरी टिकायला हवी होती ती मला माझ्यासाठीही हवी होती, हे उघडच सांगते. वन्संचं तर काय, आईच्या दुखण्यात शाळा अर्ध्यावर सुटली, तेव्हापासून त्यांना जे काही स्वतःचं म्हणता आलं ते त्या टेबलाने दिलेलं. एक कपाट, त्याची किल्ली, आणि रोज सकाळी दारातून “येते कामावर” असं म्हणून बाहेर पडणं. नोकरी गेली तरी आमच्या घरात त्यांची जागा होतीच. पण मग त्या आमच्याकडे राहणाऱ्या झाल्या असत्या, आणि तेच त्यांना नको होतं.

गंमत अशी की वन्संना इंग्रजी शब्द ढिगाने येत होते. टॉवेल, बेडशीट, पिलो कव्हर, ब्लँकेट, कॉलर, स्टार्च, स्टीम, यंत्रांच्या बटणांवरचं सगळं. पण ते शब्द बटणांच्या डब्यातल्या बटणांसारखे सुटे होते. शर्टाला लागलेलं एकही नाही. ह्यांनी कुठूनसं इंग्रजी शिकवणारं पुस्तक आणलं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, माझे काका शेतकरी आहेत. वन्संनी ते बिनचूक पाठ केलं आणि मग शांतपणे विचारलं, “दादा, हे मी पाहुण्याला कधी सांगायचं?” पुस्तक माळ्यावर गेलं.

आमची लेक लग्न होऊन जाताना आपला जुना कॉम्प्युटर इथेच टाकून गेली होती. त्यात एकच सिनेमा होता, इंग्रजी कार्टूनचा, तिने लहानपणी बघून बघून झिजवलेला. तो वन्संनी शोधून काढला. गोष्ट अशी की बेडकांच्या एका कुटुंबाचं तळं आटतं आणि ते नवं तळं शोधायला निघतात. वाटेत एक मोठं, सुंदर तळं लागतं. त्याचा मालक एक बगळा. पांढराशुभ्र, सावकाश मान वळवणारा, घरात गालिचा, पडदे, मऊ उशा. थकलाभागला जो कोणी येईल त्याचं तो दारात उभं राहून स्वागत करतो, आणि पुढच्या प्रसंगात तो आलेला कुठे दिसत नाही.

मी म्हटलं, “अहो, निदान माणसांचा सिनेमा तरी बघा.”

“माणसांच्या सिनेमात नट अर्धं बोलणं गिळतात,” वन्सं म्हणाल्या. “इथं तोंड मुद्दाम काढलेलं असतं. कपबशी दिसली तर ती कुणीतरी ठरवून तिथं ठेवलीय, म्हणजे तिचं काहीतरी काम आहे. उगाच काही नाही.”

शिकायची रीतही त्यांनी इस्त्रीचीच लावली. एका वेळी एकच प्रसंग. आधी आवाज बंद करून बघायचा आणि कोण काय करतंय ते मराठीत स्वतःशी म्हणायचं. बगळा दार उघडतो. बगळा टॉवेल देतो. बेडूक अंग पुसतो. मग आवाज लावायचा, आणि जे चाललंय त्याला काय म्हणतात ते ऐकायचं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. प्रसंगाला सुरकुती उरली नाही असं वाटलं की मगच दुसरा. संध्याकाळच्या चहापासून जेवणाची पानं घेईपर्यंत आमच्या घरात तो बगळा त्या एकाच बेडकाला आत घेत असायचा. तो बेडूक मला इतका ओळखीचा झाला की त्याला ओरडून सांगावंसं वाटे, अरे मेल्या, निदान आज तरी परत जा.

वन्संनी बगळाच का धरला? कारण बेडूक सगळे एकदम बोलायचे. “धुवायला टाकलेल्या ढिगासारखं आहे त्यांचं,” त्या म्हणाल्या. “कुठली बाही कुणाची कळत नाही. हा बघा कसा, एकेक शब्द घडी घालून ठेवतो.” आणि ते खरं होतं. दुष्ट माणसं सावकाश आणि स्पष्ट बोलतात हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. त्यांना घाई नसते. शिवाय त्याची वाक्यं पाहा. गुड ईव्हनिंग. प्लीज कम इन. यू मस्ट बी टायर्ड. सिट डाउन, प्लीज. वुड यू लाइक अ टॉवेल? या, आत या, दमला असाल, बसा, टॉवेल देऊ का. हॉटेलात याखेरीज लागतं काय? पुस्तकातल्या काकांपेक्षा बगळा शंभर पटींनी कामाचा होता.

अडचण एवढीच की वन्संना शब्द सुटा उचलता येत नव्हता. शब्दाबरोबर ते तोंड, ती मान, तो थांबण्याचा वेळ, सगळं एका घडीत यायचं. टायर्ड म्हणताना मान डावीकडे कलायची, कारण बगळ्याची कलते. प्लीजच्या आधी डोळे अर्धे मिटायचे. हात पाठीमागे. आवाज खाली, अगदी मऊ. ह्यांनी एकदा हळूच मला विचारलं, “ती जरा भीती वाटेल असं बोलते का गं?” मी म्हटलं, “इंग्रजी तसंच असेल.” आम्हा दोघांना तरी कुठे येत होतं!

परीक्षेच्या दिवशी वन्सं परत आल्या त्या सरळ आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी इस्त्री लावली. मी मागोमाग गेले. चार अभ्रे झाल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

परीक्षा वरच्या एका रिकाम्या खोलीत होती. वन्संनी आत उभं राहायचं आणि मोठ्या बाई पाहुणी होऊन बाहेरून येणार. बाई आल्या, दारावर टकटक केली. वन्संनी दार उघडलं.

“मग काय म्हणालात?” मी विचारलं.

वन्संनी इस्त्री उभी केली. हात पाठीमागे नेले. मान अगदी सावकाश माझ्याकडे वळवली, डोळे अर्धे मिटले आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “गुड ईव्हनिंग. प्लीज… कम इन. यू मस्ट बी… टायर्ड.” आणि मग हात लांबवून माझ्यामागचं दार आवाज न करता लावून घेतलं.

मी पोट धरधरून हसले. भिंतीला टेकून हसले. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठे त्यांच्याकडे नीट बघितलं. त्या हसत नव्हत्या. इस्त्री उचलून त्यांनी गुळगुळीत झालेल्या अभ्र्यावरच पुन्हा फिरवली.

“बाई काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, शब्द सगळे बरोबर आहेत. पण मला आत यावंसं वाटलं नाही.”

नापास झालेल्यांची पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा परीक्षा होणार होती. ती शेवटची. तोवर लाँड्रीतली यंत्रंही उचलून न्यायला सुरुवात झाली होती. वन्संच्या टेबलाशेजारचा रूळ गेला आणि तिथे जमिनीवर त्याच्या पायांचे तेवढे डाग राहिले, असं त्या येऊन सांगायच्या.

मी आता मास्तरीण झाले. म्हटलं, बगळा सोडा, बेडकांची आई धरा. चांगली प्रेमळ बाई आहे. वन्संनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. पण बेडकांच्या आईची वाक्यं म्हणजे धावपळ. त्यात फक्त “केअरफुल! केअरफुल!” एवढं स्पष्ट कळायचं, बाकी पाण्यात गेलं. वन्सं दोन शब्द म्हणून अडखळायच्या, पुन्हा मागे जायच्या, आणि नकळत प्रसंग परत बगळ्याच्या दारावर आणून ठेवायच्या. पुन्हा ते बकध्यान, पुन्हा तीच मान.

एक दिवस माझा तोल सुटला. मी म्हटलं, “त्या मेल्या बगळ्यात एवढं काय बघितलंत तुम्ही? खातो तो!”

वन्संनी सिनेमा थांबवला. बगळा दारात पंख पसरून उभा राहिला.

“खातो,” त्या म्हणाल्या. “ते नंतर. आधी तो दार उघडतो, वहिनी. आलेल्याकडे बघतो. दमला असशील, बस, म्हणतो. मला आजवर कुणी दारात असं म्हटलेलं नाही. कामावर नाही आणि… कुठंच नाही. म्हणून मला त्याचंच लक्षात राहतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं यांना गरम जेवण वाढलं. आजारपणात उशाशी बसले. यांच्या वाटणीचा दुधाचा पेला कधी चुकवला नाही. अहो-जाहोशिवाय हाक मारली नाही. आणि एवढं करून बगळा बरा! मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी अशी घासली की ह्यांनी दोनदा येऊन डोकावून बघितलं.

पण राग ओसरायला लागला की माणसाला नको ते आठवतं. वन्सं दारात आल्या की मी काय म्हणते, हे मी आठवू लागले. आठवायला फार कष्ट पडले नाहीत, कारण एकच वाक्य होतं. आलात? चपला बाहेर ठेवा, फरशी पुसलीय. रोज. इतकी वर्षं. त्यात वाईट काही नव्हतं, फरशी खरंच पुसलेली असायची. पण त्यात बसा नव्हतं, हेही खरं होतं. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, एका कार्टूनमधल्या बगळ्याचा मला मत्सर वाटला. म्हटलं, थांब रे बाबा. तुझ्यापेक्षा मी काही वाईट नाही.

दुसऱ्या दिवशी वन्सं कामावर गेल्यावर मी कॉम्प्युटर लावला आणि त्याची वाक्यं ऐकली. माझी जीभ जड. टायर्ड माझ्या तोंडून टायरसारखं येईना की कशासारखंच येईना. भाजी चिरताना म्हटलं, पाणी भरताना म्हटलं. संध्याकाळी घंटा वाजली तेव्हा मी हातात झारा, खांद्यावर नॅपकिन अशी तशीच गेले, दार उघडलं आणि एका दमात म्हणून टाकलं, “गुड ईव्हनिंग प्लीज कम इन यू मस्ट बी टायर्ड सिट.”

वन्सं उंबऱ्याबाहेर तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, झाऱ्याकडे बघितलं. मग सवयीने चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन खुर्चीवर बसल्या. मी पाणी आणून दिलं. मला भलतंच अवघडल्यासारखं झालं होतं.

पण सुरू केलं ते मी सोडलं नाही. रोज दार, रोज गुड ईव्हनिंग. वन्संनी माझं टायर्ड सुधारून दिलं. कधी त्या आत आणि मी बाहेर, कधी मी आत आणि त्या बाहेर. ह्यांनी एकदा बघून म्हटलं, “मला कधी असं दारात घेतलं नाहीस तू.” मी म्हटलं, “तुम्ही दमता कुठे?” दुसऱ्या दिवशी बाजारातून आल्यावर ते दारात उगाच धापा टाकत उभे राहिले. त्यांनाही म्हटलं मग. जाऊ दे.

एकच गोष्ट मला सोडवेना, ती म्हणजे माझी फरशी. कितीही गुड ईव्हनिंग म्हटलं तरी नजर आधी त्यांच्या पायांकडे जायची. शेवटी मी विचारलं, “फरशी ओली आहे, सांभाळून, याला काय म्हणतात?” वन्सं विचारात पडल्या. फ्लोअर हा शब्द हॉटेलातल्या फरशी पुसायच्या औषधाच्या बाटलीवर होता. वेट धुण्याच्या यंत्रावर होता. केअरफुल बेडकांच्या आईने ओरडून ओरडून दिलेलाच होता. त्यांनी तीन ठिकाणचे तीन तुकडे जोडले. “फ्लोअर इज वेट. केअरफुल.” हे वाक्य सिनेमात कुठेही नव्हतं. ते त्यांनी स्वतः शिवलं. मला ते इतकं आवडलं की मी पुढे गुड ईव्हनिंगच्याही आधी तेच म्हणायला लागले.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी सकाळी वन्सं “येते कामावर” असं म्हणून गेल्या, आणि उद्या हे वाक्य त्यांना म्हणता येईल की नाही या विचाराने माझं दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. फरशी पुसली, मग ती पुसली की नाही ते आठवेना म्हणून परत पुसली. संध्याकाळी घंटा वाजायच्या आतच मी दार उघडलं होतं.

“काय झालं?” मी विचारलं. इंग्रजी पार विसरले.

वन्संनी चपला बाहेर ठेवल्या, आत आल्या आणि माझ्या खांद्यावरचा नॅपकिन काढून स्वतःच्या खांद्यावर टाकला. “सांगते. आधी तुम्ही बाहेर जा.”

“अहो, गॅसवर भाजी आहे!”

“जा म्हणते ना.”

मी बाहेर गेले. दार लागलं. मी घंटा वाजवली. दार धाडकन उघडलं.

दारात एक बाई उभी होती. एक हात कमरेवर, खांद्यावर नॅपकिन, कपाळाला आठ्या, हनुवटी वर, आणि नजर थेट माझ्या पावलांवर. “वेट! फ्लोअर इज वेट! केअरफुल!” ती खेकसली, आणि तेवढ्यात तिने माझं कोपर घट्ट धरलं, मी घसरेन म्हणून. “कम, कम. यू मस्ट बी टायर्ड. सिट.” त्यात प्लीज कुठेच नव्हतं. मान कुठे कलली नव्हती. ती मी होते. डोक्यापासून पायापर्यंत मीच, आणि मला स्वतःला बघून इतकं कसंतरी झालं की मी निमूटपणे खुर्चीवर जाऊन बसले. वन्संनी पाण्याचा पेला माझ्या हातात दिला आणि माझ्यासमोर बसल्या.

“बाईंसमोर हे असं केलंत?” मी विचारलं.

“मी ठरवलं नव्हतं,” वन्सं म्हणाल्या. “वरचा व्हरांडा नुकताच पुसलेला. टाचांचा आवाज आला. मला वाटलं, पडतात आता या. टकटक व्हायच्या आधीच मी दार उघडलं आणि तोंडातून तेच आलं. हातही धरला. बाईंचा!”

“मग?”

“बसल्या त्या. खरंच बसल्या. सकाळपासून उभ्या होत्या म्हणे. पाणी प्यायल्या. मग इंग्रजीतच विचारलं, हे कुठं शिकलात. मी म्हटलं, होम. माय वहिनी.” वन्सं जराशा हसल्या. “वहिनीला काय म्हणतात ते सिनेमात नाही. म्हणून वहिनीच म्हटलं. तर त्या म्हणाल्या…”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. मी उठायला गेले, तर वन्संनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं आणि गोष्ट तशीच अर्धी टाकून स्वतः पळाल्या. हातातलं अर्धं टाकून उठलेल्या वन्सं मी तेव्हा पहिल्यांदाच बघितल्या.

“अहो, पण निकाल?” मी बसल्या जागेवरून ओरडले.

“तिसरा मजला,” आतून आवाज आला. गॅस बंद केल्याचं ऐकू आलं, मग पातेलं खरवडल्याचं. “सोमवारपासून. तुम्ही बसा. दमला असाल.”

मला रडू आलं ते त्यांच्या नोकरीसाठी, असं मी ह्यांना नंतर सांगितलं. नोकरीसाठी आलंच. पण दमला असाल, हे मलाही कोणी फार वर्षांत म्हटलं नव्हतं. भाजी पार लागली होती आणि मी पेला धरून तिथेच बसून राहिले.